प्रस्तावना : हूटरला बांधलेलं पोतं

नगरच्या सावेडीत पाइपलाइन रोडच्या अंगाला एका सराफाच्या दुकानात मी कंपन-सेन्सर बसवले, त्याला आता बरीच वर्षं झाली. एक मागच्या भिंतीला, एक शटरच्या चौकटीला, एक तिजोरीला. काम झकास झालं अशी माझी समजूत होती. महिन्याभरानं त्या बाजूला गेलो होतो म्हणून सहज डोकावलो, तर वर पत्र्याखाली लावलेल्या हूटरला गोणपाट गुंडाळून सुतळीनं करकचून आवळलेलं.

"शेठ, हे काय?"

"अहो मास्तर, रोज रात्री बोंबलतोय तो. समोरच्या सोसायटीतली माणसं भांडायला आली. बंद केला असता तर तुम्ही म्हणाला असता बंद का केला. म्हणून पोतं बांधलं. चालू आहे की!"

चालू होता खरा. त्या आठवड्यात तो पाच वेळा वाजला होता आणि शेठ पाचही वेळा कूस बदलून झोपले होते. पॅनेलमधली नोंद काढली तर वेळेचा काही मेळ लागेना. कधी पावणेदोन, कधी अडीच, एकदा पहाटे चार. उंदीर म्हणावा तर तिजोरीचा सेन्सर गप्प. ट्रक म्हणावा तर शटरचा गप्प. वाजत होता तो फक्त मागच्या भिंतीचा.

शेवटी एक रात्र दुकानातच काढली. मागच्या भिंतीच्या कोनाड्यात स्टीलचा पेला काठोकाठ पाण्यानं भरून ठेवला आणि समोर बॅटरी लावून बसलो. पाणी तासभर आरशासारखं स्थिर. दीडच्या सुमारास वीज गेली. दहा-पंधरा मिनिटांनी आली, आणि भिंतीपलीकडून एक 'घुर्र' ऐकू आलं. पेल्यातल्या पाण्यावर काठापासून मध्यापर्यंत बारीक गोल रेघा उमटल्या, सेन्सरचा लाल दिवा लुकलुकला आणि पोत्याच्या आतून हूटर कोंडलेल्या आवाजात ओरडायला लागला.

शेजारी डेअरी. चार इंची सामाईक भिंतीला खेटून तीन डीप फ्रीझर. वीज आली की तिन्ही कॉम्प्रेसर एकापाठोपाठ धक्का देऊन सुरू होत. मी सेन्सर बसवला होता दुपारी बारा वाजता, वीज चालू असताना, भिंतीवर चार ठोसे मारून. रात्री ती भिंत काय करते हे मी विचारलंच नव्हतं. दोष यंत्राचा नव्हता, माझा होता. पुढे सेन्सर दुसऱ्या भिंतीच्या सांध्याजवळ हलवला, किती ठोके मोजल्यावर वाजायचं तो आकडा वाढवला, आणि डेअरीवाल्यानं भलेपणानं फ्रीझरखाली रबराचे तुकडे टाकले. त्या महिन्यात चोरी झाली नाही, हे नशीब.

ही पुस्तिका त्या रात्रीतून निघाली म्हटलं तरी चालेल. आयटीआय करून दुकानादुकानांत कॅमेरे आणि अलार्म बसवत हिंडणाऱ्या पोरांसाठी ती आहे, तशीच पैसे मोजून अलार्म बसवून घेणाऱ्या दुकानदारांसाठीही. आत वायरिंगच्या आकृत्या आहेत, तक्ते आहेत. ते वाचण्याआधी हा सेन्सर म्हणजे नेमकं काय आणि त्याच्याकडून अपेक्षा काय ठेवायची, एवढं इथे सांगून ठेवतो.

आपल्याकडच्या चोरीच्या बातमीची भाषा ठरलेली आहे. 'अज्ञात चोरट्यांनी कडी-कोयंडा तोडून', नाहीतर 'शटर उचकटून आत प्रवेश केला'. या वाक्यात प्रवेश शेवटी येतो, त्याआधी काहीतरी तोडलेलं किंवा उचकटलेलं असतं, हे लक्षात घ्या. दाराला लावतो तो चुंबकाचा सेन्सर दार उघडल्यावर बोलतो. खोलीत हालचाल टिपणारा सेन्सर माणूस आत आल्यावर बोलतो. कंपन-सेन्सर त्यांच्याही आधी, म्हणजे कटावणी शटरखाली जाते तेव्हाच, बोलू शकतो. चोर अजून बाहेर आहे, हात रिकामे आहेत आणि पळून जायला मोकळा रस्ता आहे. तो पळून जावा हेच आपल्याला हवं असतं. पकडण्याची हौस पोलिसांवर सोडावी.

वस्तू म्हणून पाहिली तर ती फसवी साधी आहे. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 'एसडब्ल्यू-४२०' मागा. बोटाएवढी निळी-काळी पाटी हातात पडते आणि शंभराच्या नोटेत काम भागतं. इंजिनिअरिंगच्या निम्म्या प्रोजेक्टांत ती असते. तिच्यावरची छोटी बंद नळी कानाशी धरून हलवली तर आतला हलता भाग किंचित खुळखुळतो. पाटी शांत असते तेव्हा आतला जोड बंद असतो, म्हणजे वीज वाहत असते. धक्का बसला की जोड क्षणभर सुटतो. शेजारचा निळा चौकोन म्हणजे प्रीसेट. त्याचा पितळी स्क्रू पेचकसानं फिरवला की किती धक्क्याला धक्का म्हणायचं ते बदलतं. बस्स, एवढंच यंत्र.

यामागची कल्पना फार जुनी आहे. चीनमध्ये हान राजवटीत इसवी सन १३२ मध्ये चांग हेंग या विद्वानानं भूकंप ओळखणारा एक मोठा रांजण दरबारात मांडला होता. बाहेरून आठ ड्रॅगन, प्रत्येकाच्या तोंडात एक गोळी, खाली आ वासून बसलेले आठ बेडूक. जमीन हलली की एक गोळी बेडकाच्या तोंडात पडायची. भूकंपाऐवजी पहार आणि बेडकाऐवजी तांब्याची पट्टी घातली की आपला स्वस्तातला सेन्सर तयार. वजनदार वस्तू जागच्या जागी राहू पाहते आणि तिच्याभोवतीचं सगळं हलतं, या एकाच गोष्टीवर दोन्ही चालतात.

दुसरी जात पिझोची. तिच्यासाठी लांब जायला नको, स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर बघा. बटण दाबलं की आत एक छोटी हातोडी स्फटिकावर आपटते आणि ठिणगी उडते, सेल वगैरे काही नाही. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज उत्पन्न होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. सेन्सरमध्ये हातोडीचं काम भिंत करते. हा प्रकार नुसता 'हललं' एवढंच सांगत नाही. किती जोरात, किती भरभर, किती वेळ, हेही त्याच्या विजेच्या लहरीत उतरतं. तिसरी जात तुमच्या खिशात आहे. मोबाइल आडवा केला की चित्र आडवं होतं ते ज्या चिपमुळे, तिच्या आत सिलिकॉनचा केसाहून बारीक झोपाळा असतो. अनेक फोनांमधले असे झोपाळे एकदम हलले की तो भूकंप समजून इशारा द्यायचा, ही सोय भारतात अँड्रॉइडवर २०२३ मध्ये सुरू झाली.

बँकेच्या तिजोरीसाठी लावतात त्याला सिस्मिक डिटेक्टर म्हणतात. तो पिझोच्याच घराण्यातला, पण शहाणा. इथे पोरं एक चूक हमखास करतात म्हणून थांबून सांगतो. गोळीचा किंवा स्प्रिंगचा स्वस्त सेन्सर ठोका ऐकतो. हातोडा, पहार, लाथ हे त्याला कळतं. गॅस कटर मात्र ठोकत नाही, तो फुसफुसत कापतो. त्याचं कंपन इतकं बारीक आणि भरभर असतं की गोळी जागची हलत नाही. डायमंड ब्लेडचा कटरही असाच. एटीएम गॅस कटरनं कापण्याचे प्रकार आपल्या भागात नवे नाहीत. तिथे पन्नास-शंभराची पाटी लावून निर्धास्त झोपणाऱ्याला अलार्म आहे असं म्हणताच येणार नाही. उलट २०२२ च्या एप्रिलमध्ये मिरज तालुक्यातल्या आरगमध्ये जेसीबी घालून अख्खं एटीएमच उपटलं गेलं. तिथे कसलाही सेन्सर वाजलाच असता. पण वाजल्यावर कोण किती मिनिटांत पोचतो, हा प्रश्न सेन्सरच्या हातातला नाही.

आता मुख्य मुद्दा. मला विचाराल तर या यंत्राचं काम कंपन टिपणं हे नाहीच. कंपन काय, ढिगानं आहे. काम आहे ते नेमकं कुठल्या कंपनाकडे काणाडोळा करायचा ते ठरवण्याचं.

सावेडीचंच घ्या. मनमाड रोडला लागून असलेल्या दुकानाची फरशी रात्रभर भरलेल्या ट्रकांनी धडधडत असते. नवीन इमारतीसाठी गल्लीत बोअर मारायला गाडी आली की दोन दिवस भांडी वाजतात. के. के. रेंजवर लष्कराचा सराव चालू असला आणि वारा तिकडून असला की खिडक्यांच्या काचा घुमतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेची भिंत चौकातून जाताना पार्किंगमधल्या दुचाकींचे सायरन ओळीनं केकाटतात, तो खेळ सगळ्यांनी पाहिलाय. आमच्याकडच्या एका हार्डवेअरच्या दुकानाचा अलार्म तर रोज रात्री ठरल्या वेळी वाजे. कारण निघालं गुरखा. आपण जागे आहोत हे मालकाला कळावं म्हणून तो प्रत्येक शटरवर काठीचा एक टोला हाणत पुढे जायचा. राखणदारच चोर ठरत होता! ठोक्यांचा आकडा एकावरून चारवर नेला आणि भांडण मिटलं.

हा 'ठोक्यांचा आकडा' म्हणजे पल्स काउंट. एक टोला बसला तर ऐकून सोडून द्यायचं, ठरावीक सेकंदांत तीन-चार बसले तरच ओरडायचं. पोरांचा चेंडू शटरवर एकदाच आदळतो, गारांचा पाऊस पडला तर हलके टोले शेकड्यांनी पडतात, पहारीचे टोले मोजके पण दणकट असतात. चांगल्या सेन्सरमध्ये दोन्ही कसोट्या एकत्र असतात: एकच पण प्रचंड दणका बसला तर लगेच, मध्यम असतील तर मोजून. हे आकडे कारखान्यातून येतात तसेच ठेवले तर ते कारखान्याच्या भिंतीसाठी बरोबर असतात, तुमच्या नाही.

आणि ते चुकले तर काय होतं? १९७१ च्या सप्टेंबरातली लंडनमधली बेकर स्ट्रीटची चोरी या धंद्यातल्या प्रत्येकानं वाचावी. लॉइड्स बँकेच्या शाखेपासून दोन घरं सोडून असलेलं चामड्याच्या वस्तूंचं दुकान चोरांनी भाड्यानं घेतलं. मधल्या हॉटेलच्या खालून सुमारे ४० फूट बोगदा खणला आणि सुट्टीच्या दिवसांत तिजोरीची जमीन फोडून वर आले. तिजोरीत कंपनाचा अलार्म नव्हता असं नाही. रस्त्याचं काम चालू असल्यामुळे तो सारखा खोटा वाजत होता, म्हणून तो बंद करून ठेवला होता. आमच्या शेठचं पोतं आणि ते बटण यांत मला फरक दिसत नाही. लंडनमध्येच २०१५ मध्ये हॅटन गार्डनच्या तिजोरीवर दरोडा पडला, तेव्हा अलार्मची खबर पोलिसांपर्यंत पोचली होती. तिकडे जायची गरज नाही असं ठरलं. सुरक्षारक्षक येऊन बाहेरून बघून गेला. चोरांना त्या रात्री काम पुरं करता आलं नाही, तर ते पुन्हा आले. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण पोरांना सांगतो ती खोटं बोलू नये म्हणून. खरं तर ती अलार्म बसवणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे.

खोटा अलार्म टाळण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे दोन साक्षीदार. एक सेन्सर बोलला तर पॅनेलनं कान टवकारायचे, ठरल्या वेळात दुसराही बोलला तर हूटर. हीच युक्ती जगातल्या सगळ्यात हळव्या कंपन-यंत्रानं वापरली आहे. अमेरिकेतल्या लायगो प्रयोगशाळेला गुरुत्वीय लहरी टिपायच्या होत्या, आणि आसपासच्या आगगाड्या, लाकूडतोड यांचाही हादरा तिला जाणवतो. म्हणून हजारो किलोमीटर अंतरावर दोन ठिकाणी दोन यंत्रं उभारली. १४ सप्टेंबर २०१५ ला दोन्हीकडे एकसारखी खूण उमटली तेव्हाच तिच्याकडे लक्ष गेलं. तशीच वेधशाळा आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. सराफाच्या दुकानात एवढं नको, पण शटरवरचा कंपन-सेन्सर आणि आतला हालचालीचा सेन्सर यांची जोडी लावायला काय हरकत आहे? फक्त एक भान ठेवा. दोन साक्षींची वाट बघताना चोर आत येऊन गेलेला असतो. तिजोरीला मी एका साक्षीवरच वाजवतो.

बेकर स्ट्रीट लांब वाटत असेल तर नवी मुंबई बघा. २०१७ च्या नोव्हेंबरात जुईनगरच्या बँक ऑफ बडोदाच्या शाखेत शनिवार-रविवारच्या सुट्टीत असंच घडलं. टोळीनं जवळचाच गाळा काही महिने आधी भाड्यानं घेऊन किराणा-जनरलचं दुकान थाटलं, तिथून खाली भुयार खणलं आणि थेट लॉकरच्या खोलीत डोकं वर काढलं. सुमारे ३० लॉकर फोडले गेले. बातमी आली त्या आठवड्यात मला नगरमधून चार-पाच फोन आले, "आमच्या भिंती बघून जा." भिंती! खोलीला बाजू सहा असतात. चार भिंती, पाचवं छत, सहावी फरशी. आपल्याकडे नव्वद टक्के वेळ दार आणि शटरवर जातो, कारण आपण स्वतः तिथून आत-बाहेर करतो. चोराला ती सवय नसते.

पूर्वीच्या वाड्यांना हा प्रश्न वेगळा होता. पांढऱ्या मातीची दोन-अडीच हात रुंद भिंत. तिला कोणी खणायला लागलं तर आवाज मातीच गिळून टाकायची. त्यामुळे मौल्यवान ते बळदात दडवायचं आणि राखणीला गावात जागल्या. आज त्या भिंतीत सेन्सर लावला तरी तो हातभर अंतरापलीकडचं फारसं ऐकणार नाही. काँक्रीट आणि पोलाद मात्र कंपन लांबवर नेतात, चांगल्या प्रतीचा सिस्मिक डिटेक्टर त्यात काही मीटरच्या घेरातलं काम ओळखतो. पण मधे सांधा आला, दोन इमारतींमधली फट आली, की कंपन तिथेच थांबतं. गिलावा पोकळ असेल तरी तीच गत. म्हणून छिद्र पाडण्याआधी रुपयाच्या नाण्यानं भिंत वाजवत जा. टणक आवाज येईल तिथे सेन्सर, 'ढब' आला तर पुढे सरका. आणि दुहेरी चिकटपट्टीनं सेन्सर चिकटवणाऱ्याला माझ्या हाताखाली जागा नाही. ती पट्टी म्हणजे कंपन शोषणारी गादीच.

या जिल्ह्यात राहून या विषयावर लिहायचं आणि शनि शिंगणापूरचं नाव काढायचं नाही, हे जमणार नाही. इथून तासाभराच्या अंतरावर ते गाव. घरांना दारं लावायची नाहीत, कुलूप घालायचं नाही, राखण शनिदेवाची, ही तिथली रीत. २०११ च्या जानेवारीत युको बँकेनं तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा देशभर बातमी झाली. बँकेनं गावाचा मान राखून काचेचं दार ठेवलं आणि रोख रकमेच्या सुरक्षिततेची तजवीज आत केली. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणंही आलं. माझ्या धंद्यातली पोरं यावर हसतात. मी हसत नाही. दारावर काही दिसत नाही आणि तरी राखण आहे, यापेक्षा चांगल्या अलार्मची व्याख्या मला सुचलेली नाही.

देवळांचा विषय निघालाच आहे तर दानपेटीचंही सांगतो. तिला कंपन-सेन्सर उत्तम चालतो, पण पेटी घंटेच्या खांबालगत असेल तर काकडआरतीला पुजाऱ्याची धांदल उडते. सेन्सर शेजारतीनंतर चालू आणि पहाटे पहिली घंटा वाजण्याआधी बंद, अशी वेळ पॅनेलमध्ये बांधून द्या. आत तिसऱ्या प्रकरणात त्याची रीत आहे.

दुकानदारांसाठी दोन शब्द पैशाचे. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं की जबाबदारी बँकेची, असं बरेच जण धरून चालतात. रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२१ ला काढलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, घरफोडी, आग किंवा इमारत पडणं अशा प्रसंगी बँकेच्या चुकीपोटी मिळणारी भरपाई लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच आहे. भाडं वर्षाला ३,००० असेल तर ३ लाख. आत सोनं किती आहे, तुमचं तुम्ही बघा. विमा वेगळा उतरवावा लागतो आणि अलार्म चालू स्थितीत होता की नाही हे विमावाले विचारू शकतात. पोतं बांधलेला हूटर त्यांना काय म्हणून दाखवणार?

शेवटी एक मागणं. पुस्तिका पहिल्या पानापासून वाचलीच पाहिजे असं नाही. पण महिन्याच्या पहिल्या सोमवारी, रात्री दुकान बंद करून, सिस्टिम लावून, बाहेरून शटरवर ठोक्यांच्या आकड्याइतक्या मुठी लागोपाठ मारा. मग वीज मुख्य बटणावरून घालवून पुन्हा चालू करा आणि पाच मिनिटं थांबा. पहिल्यात हूटर वाजायला हवा, दुसऱ्यात नको. काय झालं ते तारखेसकट पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहा. मी दुरुस्तीला आलो की सगळ्यात आधी तेच झाकण उघडतो.